वय, स्वभाव आणि प्रकृती

माणूस विचार कसा करतो, त्याला भावना कशा जाणवतात आणि तो वागतो कसा, यांत वर्षानुवर्षे टिकून राहणारी जी तऱ्हा असते तिला स्वभाव म्हणतात. एखाद्या दिवशी कोणीही चिडतो. पण जो घरी, कचेरीत, प्रवासात, लहानसहान कारणांवरून आणि सतत चिडतो, त्याच माणसाला लोक चिडका म्हणतात. वयाबरोबर ही तऱ्हा बदलते का आणि तिचा शरीराच्या प्रकृतीशी काही संबंध आहे का, हे मानसशास्त्राने गेल्या शंभर वर्षांत चिकाटीने तपासले आहे.

स्वभाव मोजायचा तर आधी त्याचे घटक ठरवायला हवेत. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसांचे वर्णन करणारे जवळजवळ १८,००० शब्द काढले. पुढच्या काही दशकांत अनेक संशोधकांनी अशा शब्दांची छाननी केली, तेव्हा त्यांचे पाच मोठे गट पडतात असे दिसले. पहिला गट नेटकेपणाचा: हाती घेतलेले काम पुरे करणे, वेळ पाळणे, मोह आवरणे. दुसरा मनमिळाऊपणाचा. तिसरा बहिर्मुखतेचा, म्हणजे माणसांत रमण्याचा आणि पुढाकार घेण्याचा. चौथा भावनिक स्थैर्याचा. त्याच्या दुसऱ्या टोकाला काळजी, भीती आणि चिडचिड येते. पाचवा नव्या अनुभवांच्या, कल्पनांच्या ओढीचा. माणसांची या पाच कप्प्यांत वाटणी होत नाही. प्रत्येकात पाचही गुण कमीअधिक प्रमाणात असतातच. ही यादी साऱ्या मानवजातीला जशीच्या तशी लागू पडते असेही नाही. बोलिव्हियातल्या त्सिमाने या शेती आणि शिकारीवर जगणाऱ्या समाजात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे पाच गट दिसलेच नाहीत. तिथे सामाजिक सलोखा आणि कामसूपणा असे दोनच ठळक गट आढळले.

तिशीपर्यंत स्वभाव पक्का होतो आणि मग तसाच राहतो, असे विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये मांडले होते. ‘स्वभावाला औषध नाही’ या मराठी म्हणीमागेही हाच समज आहे. माणसांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांनी मात्र तो बऱ्याच अंशी चुकीचा ठरवला. ब्रेंट रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा ९२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सर्वाधिक बदल किशोरवयात नव्हे, तर वीस ते चाळीस या वयात होतो असे त्यातून दिसले. या काळात नेटकेपणा, भावनिक स्थैर्य आणि आत्मविश्वास वाढतात. मनमिळाऊपणात ठळक वाढ दिसते ती पन्नाशीनंतर. नव्याची ओढ तरुणपणी वाढते आणि उतारवयात कमी होते. सरासरी माणूस वयाबरोबर अधिक जबाबदार, अधिक शांत होत जातो, आणि ही वाट तिशीला थांबत नाही.

बदल या शब्दाला इथे दोन बाजू आहेत. वर्गातल्या सगळ्या मुलांची उंची वाढली तरी रांगेतले त्यांचे क्रम तेच राहू शकतात. स्वभावाच्या बाबतीत हे क्रम किती टिकतात, हे तपासणाऱ्या दोन अभ्यासांची उत्तरे वेगवेगळी आली. स्कॉटलंडमध्ये १९५० साली १,२०८ चौदा वर्षांच्या मुलांच्या चिकाटी, मनःस्थितीचे स्थैर्य, नेटकेपणा अशा सहा गुणांची नोंद शिक्षकांनी केली होती. त्यांपैकी १७४ जण सत्त्याहत्तरीच्या सुमारास पुन्हा अभ्यासात सहभागी झाले, तेव्हा त्या सहा गुणांचा एकत्रित अंदाज आणि म्हातारपणीचा स्वभाव यांत जवळजवळ काही मेळ उरला नव्हता. याउलट अमेरिकेत सोळाव्या वर्षी आणि पुन्हा सहासष्टाव्या वर्षी तपासलेल्या माणसांचे क्रम बऱ्यापैकी टिकून होते. अमेरिकेत दोन्ही वेळा माणसांनी स्वतःबद्दलच उत्तरे दिली होती. स्कॉटलंडमध्ये पहिल्या वेळी शिक्षकांनी, दुसऱ्या वेळी स्वतः त्या वृद्धांनी आणि त्यांच्या परिचितांनी. मोजणारा बदलला की मापही बदलते, हे इथे लक्षात घ्यायला हवे. तरीही साठ वर्षांचा काळ स्वभावाला चांगलाच हलवू शकतो, असे त्या स्कॉटिश नोंदी सुचवतात.

स्वभाव बदलतो कशामुळे? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण चाळीस ते पन्नास टक्के भाग आनुवंशिक आहे, असा अंदाज निघतो. उरलेल्या भागात अनुभव येतात, आणि त्यांत जबाबदारीच्या भूमिका महत्त्वाच्या ठरतात. बासष्ट देशांतल्या माहितीवर आधारलेल्या २०१३ च्या एका अभ्यासात, जिथे तरुण लवकर नोकरीला लागतात तिथे स्वभावातली प्रौढताही लवकर येते असे आढळले. पहिला पगार किंवा घराची जबाबदारी माणसाला बदलते, हे अनुभवाने लोकांना माहीत होतेच. आता त्याला मोजमापाचा आधार मिळाला आहे.

प्रकृतीच्या प्रश्नावर सर्वांत मोलाचा पुरावा एका जुन्या, मुळात वेगळ्याच हेतूने सुरू झालेल्या अभ्यासातून मिळाला. स्टॅनफर्ड विद्यापीठातले लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हुशार मुलांचा पाठपुरावा सुरू केला. एकूण १,५२८ मुलामुलींची नोंद झाली. १९२२ मध्ये पालकांनी आणि शिक्षकांनी त्यांच्या स्वभावाबद्दल मते नोंदवली. टर्मन १९५६ मध्ये वारले, तरी अभ्यास चालू राहिला. ही मुले म्हातारी झाली, त्यांतली बरीच दगावली, तेव्हा हॉवर्ड फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत्यूच्या नोंदी गोळा करून बालपणीच्या त्या मतांशी ताडून पाहिल्या. १९९३ मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. नेटकी, विचारी, जबाबदार म्हणून नोंदलेली मुले अधिक जगली. सदा हसतमुख, विनोदी म्हणून नोंदलेली मुले मात्र सरासरीने लवकर गेली. ही मुले मोठेपणी धूम्रपान, मद्यपान आणि धोके पत्करणे यांकडे अधिक झुकली होती. आनंदी राहा म्हणजे दीर्घायुषी व्हाल, हा सल्ला सर्रास दिला जातो. पण निव्वळ खेळकरपणा माणसाला वाचवत नाही, हे या अभ्यासातून स्पष्ट होते.

पुढच्या अभ्यासांनी नेटकेपणाबद्दलचा निष्कर्ष पक्का केला. मार्कुस योकेला यांच्या गटाने २०१३ मध्ये सात मोठ्या अभ्यासांतल्या ७६,१५० प्रौढांची माहिती एकत्र केली. नेटकेपणात खालच्या तिसऱ्या हिश्श्यात असलेल्यांचा मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे १.४ पट निघाला. पाचांपैकी दुसऱ्या कोणत्याही गुणाचा संबंध या माहितीत इतका ठामपणे दिसला नाही.

यामागे काही गूढ नाही. टिम बॉग आणि ब्रेंट रॉबर्ट्स यांनी २००४ मध्ये १९४ अभ्यास तपासले. नेटकी माणसे कमी धूम्रपान करतात, बेताने पितात, वाहन सांभाळून चालवतात आणि खाण्यापिण्यात व व्यायामात अधिक नियमित असतात, असे त्यांना आढळले. रक्तदाब किंवा मधुमेह झालेल्या माणसासाठी तर हा गुण रोजच्या रोज कामी येतो. चार दिवस बरे वाटले म्हणून गोळी बंद न करणे, ठरलेल्या तारखेला रक्त तपासून घेणे, पथ्य लग्नसराईतही सांभाळणे, हे सारे त्यात आले. त्याखेरीज टिकाऊ नोकरी, टिकाऊ संसार आणि बरे शिक्षण याच गुणाच्या ओघाने येतात आणि तेही आयुष्याला हातभार लावतात.

काळजीखोर स्वभावाचे गणित इतके सरळ नाही. अनेक अभ्यासांत तो नैराश्याशी आणि हृदयविकाराशी जोडलेला आढळतो. पण ब्रिटनमधल्या यूके बायोबँकच्या तीन लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून २०१७ मध्ये वेगळीच गोष्ट पुढे आली. स्वतःची प्रकृती बरी नाही असे सांगणाऱ्यांमध्ये काळजीखोर माणसांचा मृत्यूचा धोका काहीसा कमी होता. काळजी करणारा माणूस वेळेवर डॉक्टरकडे जातो, दुखणे अंगावर काढत नाही, हे त्याचे एक संभाव्य कारण.

‘टाइप ए’ माणसाची कल्पना, म्हणजे सतत घाई आणि चढाओढ करणाऱ्याला हृदयविकार होतो ही, सॅन फ्रान्सिस्कोतल्या मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या डॉक्टरांनी १९५९ मध्ये मांडली आणि ती जगभर पोचली. पुढच्या अभ्यासांत ती तितकीशी टिकली नाही. घाईपेक्षा मनातला वैरभाव आणि संताप हृदयाला अधिक जाचक असल्याचे दिसले. या संशोधनाला तंबाखू कंपन्यांनी पैसा पुरवला होता, ही गोष्ट विसरता येण्यासारखी नाही. हृदयविकाराचे खापर स्वभावावर फुटले, तर सिगारेट मोकळी सुटते.

उतारवयातल्या स्मृतिभ्रंशाशीही स्वभावाचा संबंध दिसतो. कॅथलिक धर्मसंघांतल्या ९९७ वृद्धांच्या अमेरिकन अभ्यासात नेटक्या माणसांना अल्झायमरचा आजार कमी झाला. पण हा आजार निदानाच्या कितीतरी आधी मेंदूत शिरलेला असतो, त्यामुळे आधी स्वभाव की आधी आजार, ही शंका उरते. तिचे अंशतः उत्तर १९६० मध्ये तपासलेल्या अमेरिकन शाळकरी मुलांच्या नोंदींनी दिले. किशोरवयात शांत, उत्साही आणि प्रौढ असलेल्यांना पन्नासहून अधिक वर्षांनी स्मृतिभ्रंश कमी झाला. मात्र शांत आणि प्रौढ स्वभावाचा हा लाभ सुस्थितीतल्या घरांतल्या मुलांनाच मिळाला. गरीब घरांतल्या मुलांच्या बाबतीत तो उरला नाही. या अभ्यासातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. चांगल्या स्वभावाचे फळ मिळायलाही परिस्थितीची साथ लागते, आणि आजारी माणसाला त्याच्या स्वभावावरून दोष देणे अन्यायाचे आहे. शिवाय हे सारे आकडे समूहांचे आहेत. एका माणसाचे आयुष्य त्यावरून वर्तवता येत नाही.

स्वभाव ठरवून बदलता येतो का, याचेही काही उत्तर मिळाले आहे. मानसोपचारांच्या २०७ अभ्यासांच्या २०१७ मधल्या आढाव्यात सरासरी चोवीस आठवड्यांच्या उपचारांत भावनिक स्थैर्य वाढलेले दिसले, आणि उपचार संपल्यावरही बदल टिकला. झ्युरिकमधल्या संशोधकांनी मोबाइल ॲपच्या मदतीने १,५२३ लोकांवर तीन महिन्यांचा प्रयोग केला. त्यातही लोकांना हवे तसे छोटे बदल घडले. नेटकेपणा वाढवला की आयुष्य वाढते, असा निष्कर्ष मात्र यातून काढता येत नाही.

संबंधाची दुसरी दिशा घरच्यांच्या लक्षात उशिरा येते. आजारही स्वभाव बदलतो. मेंदूचा पुढचा आणि बाजूचा भाग झिजवणारा स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार बहुधा पंचेचाळीस ते पासष्ट या वयात सुरू होतो. सुरुवातीला त्यात स्मरणशक्ती शाबूत असते, पण भिडस्त माणूस वाटेल ते बोलू लागतो, काटकसरी माणूस पैसे उधळतो, मायाळू माणूस घरच्यांविषयी बेफिकीर होतो. थायरॉइडचे विकार, नैराश्य, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, मेंदूतली गाठ यांमुळेही माणूस बदललेला वाटतो. ऐकू कमी येऊ लागलेले आजोबा गप्पांतून अंग काढून घेतात आणि एकलकोंडे म्हणवले जातात. वयाने होणारा बदल दशकांच्या गतीने होतो आणि बहुधा सौम्यपणाकडे नेतो. काही महिन्यांत, घरातल्या सगळ्यांना जाणवेल असा पालट झाला, तर ‘म्हातारपणी असेच व्हायचे’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडे जावे. तिथे घरच्यांनी तीन गोष्टी सांगितल्या तर निदानाला मोठी मदत होते: माणूस पूर्वी कसा होता, बदल साधारण कधीपासून दिसला आणि त्याच सुमारास कोणते औषध नव्याने सुरू झाले.