कऱ्हाडात स्वागत

एसटीचे धक्के खात इथवर पोहोचलेल्या वाचक मंडळींनो,

कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या या गावात स्वागत समितीच्या वतीने आपलं मनःपूर्वक स्वागत. कऱ्हाडात स्वागताध्यक्ष म्हणून उभं राहायचं म्हणजे जरा दडपणच येतं. १९७५ साली इथे साहित्य संमेलन भरलं, तेव्हा हे काम यशवंतराव चव्हाणांकडे होतं आणि अध्यक्ष होत्या दुर्गाबाई भागवत. आणीबाणी लागू, यशवंतराव केंद्रात मंत्री. आणि त्याच मांडवात दुर्गाबाईंनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी सगळ्यांना प्रार्थनेला उभं केलं. ‘संमेलन उत्साहात पार पडलं’ अशा बातमीत यातलं काय मावणार? त्यासाठी सावकाश लिहिलेली पंधरा-वीस पानं लागतात, आणि ती तितक्याच सावकाशीने वाचणारे तुम्ही लागता.

इथून जवळच गोळेश्वर, खाशाबा जाधवांचं गाव. १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक, कुस्तीत कांस्यपदक, हे शाळकरी पोरही सांगेल. पण त्या वारीच्या खर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, हे किती जणांना ठाऊक आहे? हेलसिंकीत एक दमछाक करणारी कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना पुढच्या लढतीला उभं केलं. मधे विश्रांती हवी म्हणून भांडायला आपला एकही अधिकारी जवळ नव्हता. निकालाच्या चौकटीत हे येत नाही. आणि इथे माझी तक्रार आहे. कुस्ती, कबड्डी, खो-खो आपल्या मातीतले म्हणून आपण छाती फुगवतो. त्यांच्यावर लिहायची वेळ आली की दोन परिच्छेदांत लंगोट सोडतो. क्रिकेटचं मात्र पोट भरेल इतकं लिहून होतं.

चालू घडामोडींवर असं सावकाश लिहिलेलं वाचायचं तर माझी शिफारस जुनीच आहे: अनिल अवचटांचं ‘पूर्णिया’. १९६९ सालचं पुस्तक, बिहारमधल्या दारिद्र्यावरचं. आजचा अग्रलेख उद्या रद्दीत जातो. हे पुस्तक लोक अजून मागून नेतात, आणि माझी प्रत तर कुणी नेली तेही आता आठवत नाही.

एक विनंती. शिफारस करताना ‘छान आहे, जरूर वाचा’ एवढ्यावर कुणाला सोडू नका. न वाचलेला लेख ग्रुपवर ढकलून द्यायची खोड आपल्या सगळ्यांनाच आहे. कुठल्या पानावर थांबलात, कुठे लेखकाशी पटलं नाही, तेवढं चर्चेत आवर्जून सांगा.

मांडवाच्या डाव्या हाताला जुने दिवाळी अंक मांडलेत. ते बसून वाचायचे आहेत. चुकून पिशवीत गेलेच तर संध्याकाळपर्यंत टेबलावर परत यावेत. जेवण एक वाजता, पंगतीत. झुणका तिखट आहे, पाहुण्यांनी जपून घ्यावा. आता अध्यक्षांनी सूत्रं हाती घ्यावीत, ही विनंती.