पडद्यावरील सृष्टि आणि दारचा माळ



चित्रपट म्हटला कीं गाणें, नाच आणि नायक-नायिकेची ताटातूट एवढेंच बहुधा आपल्या डोळ्यांपुढें येतें. परंतु ज्यांत नायिका म्हणजे एखादी नदी, संकट म्हणजे तिच्यांत सोडलेलें सांडपाणी आणि कथानक म्हणजे तिच्या दोन्ही तीरांवरील माणसांचें जिणें, असेहि चित्रपट निघतात व त्यांचे महोत्सव भरतात. पुण्यांत सुरू झालेला किर्लोस्कर वसुंधरा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव हा त्यांपैकींच एक. तो पुण्यापुरता न राहतां महाराष्ट्रांतील अनेक शहरांत गेला आणि आपल्या सोलापुरांतहि भरला. अशा महोत्सवापासून सोलापूरला नेमका कोणता लाभ करून घेतां येईल, याविषयीं चार शब्द आज सांगावयाचे आहेत.

सृष्टीचें असें चित्रण आपल्याकडे नवें नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट 1913 सालीं लोकांपुढें आणला, हें सर्वांस ठाऊक आहे. त्यापूर्वीं, भांडवल देणारांची खात्री पटावी म्हणून, त्यांनीं एक लहानसें चित्र तयार केलें होतें. कुंडींत वाटाणा पेरावयाचा, कॅमेरा एके जागीं स्थिर ठेवावयाचा आणि रोपाचें रोज एक चित्र घ्यावयाचें, असा क्रम त्यांनीं महिनाभर चालविला. पुढें तीं चित्रें पडद्यावर एकापाठोपाठ सोडतांच महिन्याची वाढ पाहतां पाहतां डोळ्यांसमोर झाली! जें नजरेसमोर असूनहि केवळ संथपणामुळें दिसत नाहीं, तें दाखविणें ही चित्रपटाची खरी शक्ति होय. अंकुराची वाढ जशी संथ, तसाच नदीचा आणि कुरणाचा नाशहि संथ असतो. म्हणूनच तो आपल्याला दिसत नाहीं.

दिसल्यावर काय घडतें, याचें एक उदाहरण देतों. व्हेल शार्क हा जगांतील सर्वांत मोठा मासा गुजरातच्या किनाऱ्यावर येतो. तेथें तो यकृताच्या तेलासाठीं आणि मांसासाठीं बेसुमार मारला जात असे. माइक पांडे यांनीं या कत्तलीवर ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ नांवाचा अनुबोधपट 2000 सालीं काढला. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे 2001 मध्यें, या माशाला वन्यजीव संरक्षण कायद्याचें छत्र मिळालें. परंतु केवळ कायद्यानें जाळें सैल होत नाहीं. 2004 पासून किनाऱ्यावर लोकजागृतीची मोहीम सुरू झाली. मोरारीबापू यांनीं कोळ्यांना समजाविलें कीं, हा मासा म्हणजे बाळंतपणासाठीं माहेरीं आलेली लेक आहे. फाटलेल्या जाळ्यांची भरपाईहि देण्यांत येऊं लागली. तेव्हां ज्या हातांनीं तो मारला जात होता, त्याच हातांनीं जाळीं कापून शेंकडों व्हेल शार्क समुद्रांत परत सोडले. चित्रपटानें दिल्लीचे डोळे उघडले, हें खरेंच. परंतु मासा वांचला तो किनाऱ्यावरच्या माणसाशीं त्याच्या भाषेंत कोणी बोललें तेव्हां.

आतां आपल्या दाराशीं येऊं. मी आयुष्यभर शाळामास्तर. वर्गांत आफ्रिकेच्या सिंहाची माहिती विचारली कीं मुलें भराभर हात वर करीत. आपल्या माळावर कोणता पक्षी राहतो, असें विचारलें कीं वर्ग चिडीचूप होई! वास्तविक सोलापूरहून बार्शीकडे निघालें कीं सुमारें वीस किलोमीटरांवर नान्नज लागतें. तेथील माळ हें माळढोकाचें घर. माणसाच्या कमरेइतका उंच, उडणाऱ्या पक्ष्यांत जगांतील अतिशय वजनदार अशांपैकीं एक, आणि एका वेळीं बहुधा एकच अंडें उघड्या जमिनीवर घालणारा असा हा पक्षी. राष्ट्रीय पक्षी म्हणून डॉ. सालिम अली यांनीं याचेंच नांव सुचविलें होतें. 1963 सालीं तो मान मोराला मिळाला. नान्नजचें अभयारण्य 1979 सालीं जाहीर झालें, पण आज तेथें माळढोकाचें दर्शन अतिशय दुर्मिळ झालें आहे. साऱ्या देशांत मिळून फारच थोडे पक्षी उरले आहेत, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानांत आहेत.

असें कां झालें, हें सांगणारा चित्रपट सोपा नाहीं. आरंभीं या अभयारण्याचें क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर होतें. त्यांत गांवें होतीं, शेतें होतीं. जमिनीच्या खरेदी-विक्रीला अडथळे येऊं लागतांच शेतकऱ्याच्या मनांत पक्ष्याविषयीं अढी बसली. पुढें क्षेत्र कमी करून सुमारें 1,222 चौरस किलोमीटरांवर आणावें लागलें. दुसरीकडे, गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन, ही समजूत आपणां शिकलेल्यांचीहि आहे. माळ दिसला कीं झाडें लावावीं, असें आपल्याला वाटतें. परंतु माळढोकाला मोकळें गवतच लागतें. दाट झाडी वाढली कीं त्याचें घर मोडतें. कुरण नांगरलें गेलें तरी तेंच, आणि आकाशांत विजेच्या तारा आल्या तर त्या या जड पक्ष्याला वेळीं दिसत नाहींत. शेतकऱ्याची अडचण न सांगतां केवळ पक्ष्याचें सौंदर्य दाखविणारें चित्र शहरांत टाळ्या मिळवील. नान्नजच्या माणसाला तें खोटें वाटेल, आणि त्याचें तसें वाटणें वाजवी ठरेल.

म्हणून माझी एक सूचना आहे. असा महोत्सव सोलापुरांत भरेल तेव्हां त्याचा एक दिवस शहरांत न भरतां नान्नजच्या चावडीपुढें भरावा. पडदा गांवांत लावावा. समोर धनगर, शेतकरी आणि शाळेंतील मुलें बसावींत. चित्र मराठींत असावें, आणि तें संपल्यावर बोलण्याची पहिली पाळी त्यांची असावी. आपल्या सुशिक्षित मंडळींनीं त्या दिवशीं मागें बसून ऐकावें. दुसरें असें कीं, आज घरोघरीं मोबाइल आहे, त्यांत कॅमेरा आहे. एखाद्या शाळेनें माळाची एकच जागा निवडून वर्षभर दर आठवड्याला तेथून एक चित्र घ्यावें. पहिल्या पावसानंतरचा हिरवा कोंब, भाद्रपदांतील डोलणारें गवत, वैशाखांतील करपलेली जमीन हें सारें दोन मिनिटांत पडद्यावर दिसेल. फाळक्यांची ती वाटाण्याची युक्ति अजून जुनी झालेली नाहीं.

माळावर अजून काळवीट आहेत, लांडगे आहेत, खोकड आहेत. माळढोकाच्या पाठोपाठ यांचीहि पाळी येऊं द्यावयाची कीं नाहीं, हें आपल्यालाच ठरवावयाचें आहे. जो प्राणी नाहींसा झाला, त्याचा चित्रपट म्हणजे भिंतीवरची हार घातलेली तसबीर होय. आणि जो अजून हयात आहे, त्याचा चित्रपट म्हणजे वेळेवर आलेली तार. तार वाचून घडी करून ठेवावयाची नसते; ताबडतोब निघावयाचें असतें. येत्या पावसाळ्यानंतर, गवत उभें असतांना, आपल्या मुलांना घेऊन एकदां तरी नान्नजचा माळ पाहून या, एवढीच आपल्याला विनंती.