बी विंगच्या मागचा शेवगा
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘सोसायटीची 25 वर्षे’ हा विषय दिलाय. पण बांधकाम, लिफ्ट, पाण्याची टाकी हे सगळं सेक्रेटरींच्या अहवालात आलेलं आहे. मी एकाच सभासदाबद्दल बोलणार. त्याच्या नावावर शेअर सर्टिफिकेट नाही आणि थकबाकीही नाही. बी विंगच्या मागचा शेवगा! येत्या सर्वसाधारण सभेत तो तोडून दोन गाड्यांची जागा करायचा विषय आहे, म्हणून आजच बोलतो.

तक्रारी खऱ्या आहेत. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, वारा सुटला की फांदी काडकन मोडते. ‘दारात शेवगा नको’ असं जुनी माणसं म्हणत, ते अपशकुनापेक्षा याच कारणाने असावं. पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके बसतात. तळमजल्यावरच्या वहिनींनी ती खाज सोसलीय.

आता जमेची बाजू. (बँकेतली सवय, जाणार कशी?) शेंगा आमटीत, पिठल्यात. फुलांची भाजी, पाल्याची भाजी. आपल्यातल्या मालवणकडच्या मंडळींना गोकुळाष्टमीला आंबोळ्यांबरोबर शेवग्याचा पाला लागतोच. त्या दिवशी सकाळी ए विंगमधूनसुद्धा पिशव्या येतात. शेंग चोखताना गराबरोबर बी आपण खातोच, पण जून बियांचं तेलही निघतं. पूर्वी ते घड्याळांच्या वंगणाला वापरीत. सुदानमध्ये नाईलकाठच्या बायका हे बी कुटून गढूळ पाण्यात घालतात, गाळ खाली बसतो. एवढं देणारं झाड, आणि आपण त्याला साधं खतही घातलेलं नाही.

2020चा एप्रिल आठवा. भाजीची गाडी गेटपर्यंत येईना. शेंगांचा हंगाम होता. आपला वॉचमन आकडीने शेंगा काढून प्रत्येक दाराशी चार-चार ठेवून जायचा. 32 दारं. कोणी मागितल्या नव्हत्या. माझी पत्नी तेव्हा आजारी होती, जेवण जात नव्हतं. त्या शेंगांचं कढण तेवढं ती घ्यायची. पार्किंगच्या दोन जागा दोन घरांना मिळतील, इतका साधा हिशेब आहे.

माझं म्हणणं, झाड तोडू नका, छाटा. शेवग्याची शेती करणारे झाड उंच वाढूच देत नाहीत. शेंगा संपल्या की, पावसाच्या आधी, तीन-चार फुटांवर खोड छाटतात. नवे फुटवे येतात, शेंगा हाताला लागतात आणि वर मोडून पडायला फांदीच उरत नाही. बुटक्या खोडावर अळ्यांचा पुंजका लगेच दिसतो, वेळीच काढता येतो. तोडायचं म्हटलं तर 1975च्या झाडांच्या कायद्याखाली परवानगी लागेल. छाटणीसाठीही पालिकेच्या उद्यान विभागाला आधी अर्ज देऊ. अर्ज मी लिहून ठेवलाय, सेक्रेटरींची सही हवी.

पहिल्या वर्षाच्या छाटणीचा खर्च माझा. आणि कापलेल्या फांद्या कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. मनगटाएवढी जाड फांदी जमिनीत रोवली की जगते. कोणाला गावी लावायची असेल, त्यांनी वॉचमनच्या वहीत नाव लिहावं. माझ्या धाकट्या भावाचं पहिलं लिहिलंय.