दवाखान्याचा नकाशा आपणही बघायचा
(शिवथर येथील महिलांच्या बैठकीत केलेलं भाषण)


दवाखाना म्हटला की आपली मागणी ठरलेली: डॉक्टर हवा, औषधं हवीत. इमारत कशी हवी ते आपण बांधकाम खात्यावर सोडून देतो. पण क्षय हवेतून पसरतो. कोंदट खोलीत तीच हवा सगळ्यांच्या छातीत फिरते. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या, तशीच नर्सच्या, आयाच्या, झाडणारीच्या आणि खाटेखाली चादर टाकून झोपलेल्या सोबतिणीच्या. मोजून बघा, यात बायकाच जास्त.

पेरू देशातल्या लिमा शहरात आठ रुग्णालयांतली हवा मोजली गेली. २००७ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. दारं-खिडक्या उघडल्यावर १९५० पूर्वीच्या उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत तासाला सुमारे ४० वेळा हवा बदलत होती, नव्या बांधणीच्या खोल्यांत १७ वेळा. यंत्राने हवा खेळवायच्या खोल्यांसाठी शिफारस आहे १२ची! जुनं बांधकाम विजेशिवाय जिंकलं.

तुम्ही म्हणाल, शिवथरच्या पावसात खिडकी उघडी ठेवून दाखवा. खरं आहे. आषाढात इथे पाऊस आडवा येतो, खिडक्या बंद होतात, आणि नेमका तेव्हाच दवाखाना तापा-खोकल्याने भरतो. म्हणून शहरातला बिनछज्जाचा नकाशा इथे चालणार नाही. आपल्या घरांना पडवी उगाच नसते. रुंद पडवी, पुढे आलेलं छप्पर, समोरासमोर खिडक्या, छताजवळ झरोके, आणि डासांसाठी जाळी, नाहीतर संध्याकाळी खिडक्या पुन्हा बंद. खोकणारे पडवीत थांबावेत. गरोदर बायकांना, तान्ह्या मुलांना दुसरं दार असावं.

बाळंतपणाच्या खोलीत हात धुवायची जागा दारातच हवी, नळ कोपराने उघडणारा. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले. पण तीन बाळंतिणी सांभाळणाऱ्या नर्सला नळासाठी व्हरांडा ओलांडावा लागला, तर तिला दोष कसा द्यायचा? संडासही खोलीला लागूनच हवा. मी पाहिलेल्या एका दवाखान्यात तो आवाराच्या टोकाला होता; बायका पाणीच पीत नसत.

आणि जोतं! जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड बुडवलं. पुराची खूण कुठवर होती ते गावाला माहीत असतं, नकाशा काढणाऱ्याला नसतं. पुराचं पाणी शौचकूपाच्या टाकीत शिरलं की घाण वॉर्डात येते.

तेव्हा नवं बांधकाम निघालं की मंजुरीआधी नकाशा ग्रामसभेत मांडावा, अशी मागणी लेखी करू या. पहिला प्रश्न आपण विचारायचा: सोबतीण झोपणार कुठे?