अग्नीपुढचा मंत्र, नदीकाठचा मंत्र
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझं बालपण वाईत गेलं. आजोबा वैदिक होते. पहाटे कृष्णेवर स्नान करून आले की ते मला समोर बसवून संथा देत. त्यांनी एकदा म्हणायचं, मी दोनदा म्हणायचं. बारा-तेरा वर्षांचा असताना मी विचारलं, "आजोबा, याचा अर्थ काय?" ते म्हणाले, "अर्थ शास्त्रीबुवांना विचार. आपलं काम अक्षर आणि स्वर सांभाळायचं." मला ते पटलं नाही. अर्थ कळत नसेल तर ही पोपटपंची कशाला, असं म्हणून मी संथा सोडली.

वडील तेव्हा पाचगणीला एका पारशी कुटुंबाच्या बंगल्याचे हिशेब बघत. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर पसरणीचा घाट चढून जाई. त्या घरातल्या वृद्ध बाईसाहेब सकाळी व्हरांड्यात उजेडाकडे तोंड करून उभ्या राहत, कमरेची कुस्ती सोडत, काही पुटपुटत आणि पुन्हा गाठी मारत. एकदा धीर करून मी त्यांनाही तोच प्रश्न विचारला. त्या हसून म्हणाल्या, "बधा शब्दाचा मतलब मला बी नाय ठाऊक, डीकरा. माझ्या आईने शिकवला तसाच बोलते."

पुढे शिक्षकाच्या नोकरीत सांगलीला आलो, तरी ही दोन उत्तरं मनातून गेली नाहीत. त्यांच्यामागे लागून जे वाचलं, त्यातलं थोडं आज सांगतो.

पारशी धर्मग्रंथ अवेस्ता. त्याची भाषा वेदांच्या भाषेच्या इतकी जवळची की त्यांचा 'मंथ्र' म्हणजे आपला मंत्र, 'यस्न' म्हणजे यज्ञ आणि 'हओम' म्हणजे सोम. यस्नाचे अध्याय 72, म्हणून कुस्तीचे धागेही 72. जरथुष्ट्राच्या म्हणून मानलेल्या 17 गाथा या यस्नातच येतात. ही भाषा घरात कुणी बोलत नाही, त्याला शेकडो वर्षं झाली. तरी अग्यारीत दिवसाच्या पाचही प्रहरी धर्मगुरू अग्नीला चंदन देतात आणि त्याच भाषेत प्रार्थना म्हणतात. मध्येच नंतरच्या काळातल्या भाषेतला मजकूर आला, तर तो ओठ मिटून पुटपुटायचा. अवेस्ताचे बोल आणि इतर बोल एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, इतकी ही काळजी.

बेहरामशाह श्रॉफ (1858 ते 1927) यांनी पारशांमध्ये 'इल्म-ए-क्षनूम' नावाची गूढविद्येची शाखा सुरू केली. त्यांचं म्हणणं असं की, मंथ्राचं सामर्थ्य त्याच्या ध्वनीच्या कंपनात आहे. सगळ्या पारशांना हे मान्य नाही. पण आम्हा सांगली-मिरजेकडच्या माणसांना ही कल्पना फार परकी वाटू नये. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतो, तेव्हा त्या तंबोऱ्यावर पुढे कोणती चीज गायली जाणार, हे त्याला ठाऊक नसतं. त्याचं लक्ष फक्त तार नीट बोलते की नाही इकडे असतं.

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडच्या भागात काही पंथ निघाले. त्यांना ग्नॉस्टिक म्हणतात. 'ग्नोसिस' हा ग्रीक शब्द आपल्या 'ज्ञान' शब्दाचा सख्खा भाऊ. आत्मा प्रकाशाच्या लोकातून आला, या जगात अडकला आणि ज्ञानानेच तो घरी परत जाईल, अशी त्यांची श्रद्धा. इजिप्तमध्ये नाग हम्मादी इथे 1945 साली त्यांच्या पोथ्या सापडल्या. त्यांत काही ठिकाणी नुसते स्वर ओळीने लिहिलेले आहेत. ते कसे म्हणायचे, हे सांगणारा आज कुणी नाही.

यांच्यातला एक पंथ मात्र अजून जिवंत आहे. त्याचं नाव मांदाई. 'मांदा' म्हणजेही ज्ञान. इराक आणि इराणमधल्या नद्यांच्या काठी हे लोक राहत आले. त्यांचे प्रमुख विधी वाहत्या पाण्यात होतात. आपण जशी प्रत्येक नदीला गंगा म्हणतो, तसे ते वाहत्या पाण्याला 'यार्दना', म्हणजे जॉर्डन म्हणतात.

इंग्रज अभ्यासक ई. एस. ड्रॉवर यांनी मांदाईंमध्ये वावरून 1937 साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. तुलनेसाठी त्यांनी मुंबईचे पारशी पंडित जीवनजी जमशेदजी मोदी यांच्या 1922 सालच्या ग्रंथाचा आधार घेतला. ही तुलना वाचताना मी चकित झालो. पारशी धर्मगुरू अग्नीपुढे तोंडावर पांढरं फडकं बांधतो. त्याला 'पदान' म्हणतात. मांदाई पुरोहितही नदीकाठच्या विधींत फेट्याचं टोक तोंडावरून घेतो. त्याचं नाव 'पंदामा'. शब्द एकच, इराणी. पारशांची कुस्ती लोकरीची, मांदाईंचा पट्टाही लोकरीचा. मृत्यूनंतर आत्मा तीन दिवस जवळपास असतो आणि मग प्रवासाला निघतो, असं दोघंही मानतात. त्या वाटेवर त्याला सोबत असते ती मागे राहिलेल्यांनी म्हटलेल्या मंत्रांची.

हे साम्य आकाशातून पडलेलं नाही. इराक हा सासानी साम्राज्याचा भाग होता. तिसऱ्या शतकापासून सातव्या शतकापर्यंत ही दोन माणसं एकमेकांच्या शेजारी राहिली. शेजाऱ्यांत विरजण उसनं जातं, तसे शब्द आणि रीतीही जातात.

पण मंत्र कशासाठी म्हणायचा, हे ज्याचं त्याचं राहिलं. जरथुष्ट्राच्या शिकवणीत हे जग अहुर मज्दाची चांगली निर्मिती आहे. अग्नी, पाणी, जमीन, गुरं यांना बळ मिळावं म्हणून मंत्र म्हणायचा. ग्नॉस्टिक माणसाला हे जग परगावासारखं. त्याचा मंत्र परतीच्या वाटेवरचा. मांदाई मला या दोहोंच्या मध्ये उभे दिसतात. ओढ प्रकाशाच्या लोकाची, पण संसार सोडायला त्यांची मान्यता नाही, आणि डोळ्यांसमोरची नदी त्यांना पवित्र.

आज दोघांपुढचा प्रश्न एकच आहे. 2001 च्या जनगणनेत भारतात 69,601 पारशी होते, 2011 मध्ये 57,264. इराकमधून 2003 च्या युद्धानंतर बहुतेक मांदाई परागंदा झाले. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या नेपियन नदीत उभे राहून ते आज आपले विधी करतात. नवी नदीही त्यांच्यासाठी यार्दनाच. पण म्हणून दाखवणारा माणूस गेला, तर तो कुठल्या नदीवर शोधायचा?

हा प्रश्न मी परक्यांचा म्हणून विचारत नाही. आजोबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मध्यंतरी नातवाने विचारलं, "तुम्ही लहानपणी काय शिकायचात?" मी म्हणून दाखवायला लागलो. चार ओळी नीट आल्या. पाचव्या ओळीत एका अक्षरावर अडलो. स्वर वर जातो की खाली, आठवेना. पुस्तक काढलं. छापलेली खूण दिसली, अर्थही मिळाला. पण आजोबा ते कसं म्हणत, ते काही पुस्तकात नव्हतं. त्यांचं काम सोपं नव्हतं, हे मला त्या दिवशी समजलं.

अर्थ विचारलाच पाहिजे. मी विचारला, यात माझी चूक नव्हती. उत्तर मिळेपर्यंत शिकत राहायला हवं होतं, ते मी केलं नाही. तुमच्या घरात कुणी आजी ओवी म्हणत असेल, कुणी आजोबा आरतीची जुनी चाल धरून असतील, तर या आठवड्यात एकदा त्यांच्याजवळ बसा. अर्थ जरूर विचारा. पण आधी त्यांच्या मागून दोनदा म्हणा.