मीसाक बदलताना



संस्थेच्या घटनेतले एखादे कलम बदलायचे म्हटले तरी सर्वसाधारण सभेत केवढी वादावादी होते, ते आपण जाणताच. पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेची सनद, अरबीत मीसाक, 1964 ची. 1968 साली ती अधिक कडक झाली. सशस्त्र लढा हाच मुक्तीचा एकमेव मार्ग, असे तीत आले. दुरुस्तीसाठी खास अधिवेशन आणि एकूण सभासदांचे दोन-तृतीयांश बहुमत हवे!

मग धोरण बदलले कसे? प्रथम सनदेला हात न लावता. जेवढी भूमी मुक्त होईल तेवढीवर राष्ट्रीय सत्ता स्थापावी, असा ठराव 1974 साली झाला. 1988 साली अल्जीअर्सला दोन राज्यांची वाट धरली गेली. पुढच्याच वर्षी पॅरिसला यासर अराफत यांनी सनद 'कादुक', म्हणजे कालबाह्य, झाल्याचे सांगितले. शब्द फ्रेंच निवडला. अरबीत तो उच्चारणे जड गेले असावे.

प्रत्यक्ष मतदान एप्रिल 1996 मध्ये गाझाला झाले. बाजूने 504, विरुद्ध 54. या चौपन्न जणांना हट्टी म्हणणे सोपे आहे. पण 1948 साली हैफा, याफा सोडलेल्या कुटुंबांनी घराच्या किल्ल्या जपल्या होत्या, आणि ती घरे आता कायमची दुसऱ्या राज्यात जात होती. बदल्यात मिळाले काय? 1993 च्या पत्रात इस्रायलने संघटनेला पॅलेस्टिनी जनतेची प्रतिनिधी मानले. पॅलेस्टिनी राज्याला मान्यता त्या पत्रात नव्हती.