कच्च्या मासळीची पारख

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काही ज्येष्ठ भगिनींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. मासळी, तीही कच्ची, आणि तीही घरी! परंतु सुशी हा जपानी पदार्थ हॉटेलातून आता आपल्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचला आहे. मुलेसुना तांदूळ आणतात, व्हिनेगर आणतात, समुद्रशैवालाचे कागदासारखे पापुद्रे आणतात, आणि शेवटी आपल्याला विचारतात, “मासळी कोणती घ्यावी?” मासळीच्या पारखीत आपला हात कोणी धरणार नाही, अशी त्यांची खात्री असते. तेव्हा उत्तर नीट माहीत असलेले बरे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे. व्हिनेगर, साखर व मीठ लावलेला भात आणि त्याच्या जोडीला काही जिन्नस, ती सुशी. कच्च्या मासळीच्या नुसत्या कापांना साशिमी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हाताने दाबून केलेली सुशी लोकप्रिय झाली. त्या काळी शीतपेट्या नव्हत्या. म्हणून कोणता मासा मीठ-व्हिनेगरात मुरवीत, ट्यूना सोया सॉसमध्ये भिजवीत, कोळंबी उकडीत, वाम शिजवीत.

आता दुकानांत व जाहिरातींत ‘सुशी-ग्रेड’ असा शब्द दिसतो. सोन्यावरच्या शिक्क्यासारखा हा कोणी तपासून मारलेला शिक्का असावा, असे आपल्याला वाटते. पण ज्या अमेरिकेत हा शब्द फार चालतो, तिथेही कायद्याने त्याची व्याख्या केलेली नाही. तो विकणाऱ्याचा शब्द आहे. त्यामागे काय आहे, हे आपणच विचारून घ्यायचे.

आपली पारख कोणती? डोळे चकचकीत व फुगीर, कल्ले लाल, बोटाने दाबले तर खळगा न राहणारे अंग, आणि वास समुद्राचा. कालवणाला एवढे पुरते. कच्चे खायचे असेल तर मात्र ही परीक्षा अर्धीच होते. समुद्रातल्या पुष्कळ माशांच्या अंगात अनिसाकिस नावाचा दोऱ्यासारखा बारीक किडा असू शकतो. मासा सकाळीच पकडलेला असला म्हणून तो नसतो असे नाही. मासा नीट शिजला की किडा मरतो. म्हणून आपल्या आजीला त्याचे नावही ठाऊक असण्याचे कारण पडले नाही. व्हिनेगर, लिंबू किंवा तिखट वसाबी यांनी तो मरत नाही. जिवंत पोटात गेला, तर काही तासांत पोटात असह्य कळा येऊ शकतात.

ह्यावर उपाय थंडीचा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमावलीत कच्च्या खाण्याचा मासा उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांना घट्ट गोठवून त्याच थंडीत १५ तास ठेवावा, असे सांगितले आहे. ट्यूनाच्या काही मोठ्या जाती आणि तयार खाद्यावर वाढवलेला सॅमन यांना त्यात सूट आहे. घरचा फ्रीजर साधारण उणे १८ अंशांचा, त्यात दार दहादा उघडायचे. त्याच्यावर भिस्त ठेवू नये. “गोठवलेले म्हणजे शिळे” ही आपली समजूत इथे बाजूला ठेवावी लागते. खुद्द जपानी जहाजांवर ट्यूना उणे ६० अंशांच्या आसपास गोठवतात.

तरीही गोठवण्याने सारे भागत नाही. किडे मरतात, जंतू सगळे मरत नाहीत. शिवाय बांगडा, कुपा असे मासे उन्हात राहिले, तर त्यांत हिस्टामीन तयार होते, आणि ते गोठवून जात नाही की शिजवून जात नाही. म्हणून जाळ्यातून ताटापर्यंत बर्फाची साथ सुटता कामा नये.

बाजारात आणखी एक घोटाळा होतो. आपल्या रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात. नाव सारखे असले तरी सॅमनशी त्याचे नाते नाही. पुस्तकात सॅमन वाचून रावस कच्चा कापू नये. त्याचे कालवणच करावे. नदीतळ्याचा मासा तर कच्चा मुळीच नको. ईशान्य थायलंडात असे मासे कच्चे खाण्याच्या चालीमुळे यकृतात कृमी होतात आणि त्यातून पित्तनलिकेचा कर्करोग उद्भवतो.

मग विक्रेत्याला काय विचारावे? मासा समुद्रातला की शेतीतला? किती थंडीत, किती दिवस गोठवला? बर्फातून बाहेर कधी काढला? इतर मासळीच्या सुरीने, पाटावर तर कापला नाही ना? जपानच्या दुकानांत पाकिटावरच ‘साशिमीसाठी’ किंवा ‘शिजवण्यासाठी’ असे छापलेले असते. आपल्याकडे कच्चे खाण्यासाठी म्हणून स्पष्ट लिहिलेले, गोठवलेले बंद पाकीट जपानी जिन्नस ठेवणाऱ्या दुकानातून घ्यावे. उत्तर देताना विक्रेता चाचरला, तर मासा खुशाल घ्यावा, पण तव्यावर टाकावा.

घरी आणल्यावर तो फ्रीजमध्येच सुटू द्यावा, ओट्यावर नाही. सुरी व पाट वेगळे ठेवावे. त्याच दिवशी खावा. उरला तर पुन्हा गोठवू नये, शिजवावा.

आणि एक गोष्ट आग्रहाने सांगते. गरोदर बाई, लहान मुले, वृद्ध माणसे आणि आजारातून उठलेली माणसे यांना कच्ची मासळी देऊ नये. नवी सून पाहुण्यांसमोर “मला नको” म्हणायला संकोचते. दिवस गेल्याचे तिने कोणाला सांगितलेलेही नसते. तिच्यासाठी वेगळे ताट न मागता तयार असावे, हे वाढणारीचे काम आहे.

त्यात कमीपणा काहीच नाही. उकडलेली कोळंबी, गोडसर अंड्याची वडी, काकडीची गुंडाळी, तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला भात, ही सारी जपानातली अस्सल सुशीच आहे, आणि आपल्या शाकाहारी भगिनींनाही त्यातले काही ना काही चालेल. पहिल्यांदा करणारीने सुरुवात इथूनच करावी. भात साधला, हात बसला, खात्रीचा विक्रेता मिळाला, की मग मासळीचा विचार करावा.